डेली की मंथली? १३-१४ व्या वर्षी पहिली कॉन्टॅक्ट लेन्स घेताय तर हे आधी बघा

दीड महिन्यापूर्वी मावशीच्या मुलीचा मेसेज आला, ताई मला लेन्स घ्यायच्यात, डेली घेऊ की मंथली, एका शब्दात सांग. ती १३ ची आहे आणि तिला सगळंच एका शब्दात हवं असतं. मी "डेली" टाइप केलं, मग वाटलं थांब, हिचा नंबर किती, ही रोज घालणार की फक्त मॅचच्या दिवशी, हिच्या डोळ्यांना खाज येते का, हे काही माहीत नसताना मी काय सांगतेय, मग फोनच लावला आणि तासभर बोलत बसलो. त्यातलं कामाचं तेवढं इथे लिहितेय. मी स्वतः १४ व्या वर्षी मंथलीने सुरुवात केली, दोन वर्षांत डोळा लाल करून घेतला, मग डेलीवर आले आणि आता विशीत परत मंथलीवर आहे, त्यामुळे मी कुणा एकीची वकील नाही.

आधी नावातला घोळ. डेली म्हणजे "रोज घालायची" असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. डेली म्हणजे एकदा घालायची आणि काढली की टाकून द्यायची. सकाळी घातली, दुपारी डोळा चुरचुरला म्हणून काढली, तर संध्याकाळी परत तीच घालायची नाही, नवीन फोडायची. आणि मंथली म्हणजे पाकीट फोडल्यापासून ३० दिवस. इथे मी पहिल्याच वर्षी माती खाल्ली. मला वाटायचं ३० वेळा घालायची, मी आठवड्यातनं चारदाच घालते म्हणजे माझी लेन्स जवळजवळ दोन महिने जाणार, कसली बचत! तर तसं नसतं, पाकीट फोडलं की घड्याळ सुरू, तुम्ही ३ वेळा घाला नाहीतर ३० वेळा. फोडल्यावर लेन्स रोज हाताळली जाते, अश्रूंमधली प्रथिनं आणि चरबी तिच्यावर हळूहळू चिकटत जातात, केसमध्ये, म्हणजे लेन्स ठेवायच्या डबीत, पडून राहिली तरी ती नवी राहत नाही. आणि मंथली म्हणजे महिनाभर डोळ्यातच ठेवायची असंही नाही हां, हेही विचारतात लोक. रोज रात्री काढायचीच. काही मंथली झोपेत घालायला मान्यता मिळालेल्या असतात पण त्या वाटेला तुम्ही या वयात स्वतःच्या मनाने अजिबात जायचं नाही, लेन्स घालून झोपलं की डोळ्यात इन्फेक्शन व्हायची शक्यता ६ ते ८ पट वाढते. मधल्यामधे दोन आठवड्यांच्या लेन्सही असतात, त्यांना मंथलीचेच सगळे नियम, फक्त १४ दिवसांत टाकायच्या.

आता मुद्द्याचं. लोक डेली-मंथली ठरवताना बॉक्सवरची किंमत बघतात, मी म्हणेन आधी हे बघा की रात्री ११ वाजता तुम्ही कसे असता. सकाळचे तुम्ही नाही, डॉक्टरांसमोर मान डोलावणारे तुम्ही नाही, तर अभ्यास करून किंवा फोन बघून डोळे मिटायला लागलेत, अंथरुणात शिरलाय आणि आठवलं की लेन्स काढायच्यात, तेव्हाचे तुम्ही.

कारण त्या क्षणी डेलीवाल्याचं काम काय? उठायचं, साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, लेन्स काढायची, कचऱ्यात टाकायची, झोपायचं. मंथलीवाल्याचं काम इथून सुरू होतं. लेन्स तळहातावर घ्यायची, सोल्युशनचे, म्हणजे लेन्स साफ करायच्या आणि भिजवायच्या द्रवाचे, थेंब टाकायचे, बोटाने हलकेच दोन्ही बाजूंनी चोळायची (बाटलीवर "चोळायची गरज नाही" लिहिलेलं असलं तरी चोळायची), सोल्युशननेच धुवायची, केसमध्ये ताजं सोल्युशन भरायचं, डावी-उजवी नीट आपापल्या खान्यात ठेवायची, झाकण लावायचं. मग दुसरी. बाटलीवर किती तास भिजवायची तेही लिहिलेलं असतं, बहुतेक सोल्युशनना ४ ते ६ तास लागतात. सकाळी लेन्स घातल्यावर केसमधलं सगळं पाणी, म्हणजे सोल्युशन, ओतून द्यायचं, केस ताज्या सोल्युशनने खळबळायची, स्वच्छ टिश्यूने पुसून उघडी, उपडी वाळत ठेवायची. कालच्या सोल्युशनमध्ये थोडं नवीन घालून काम भागवायचं नाही, मी हे सर्रास करायचे, ते म्हणजे खरकट्या ताटात परत वाढून घेण्यासारखं आहे. दर ३ महिन्यांनी केस नवी. वेळ फार लागत नाही, चार मिनिटं. पण ती चार मिनिटं रोज लागतात, ३० पैकी ३० रात्री, परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा, ताप आला तरी, लग्नाहून उशिरा आलात तरी.

आणि हे फक्त तुम्हीआम्हीच आळशी म्हणून नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत १२ ते १७ वयाच्या लेन्सवाल्या मुलामुलींपैकी दर ७ जणांमागे ६ जणांनी इन्फेक्शनचा धोका वाढवणारी एकतरी सवय कबूल केली होती, लेन्स घालून झोपणं, लेन्स घालून पोहणं, लेन्स वेळेत न बदलणं असलं काहीतरी. मोठी माणसंही मागे नव्हती, त्यामुळे घरच्यांनी लगेच "बघ, तुमची पिढी" म्हणू नये.

मी मावशीच्या मुलीला एक रिहर्सल करायला सांगितली, आणि तुम्हालाही तेच सांगते, कारण यात पैसे काही लागत नाहीत. एक महिना, रोज झोपायच्या आधी, लेन्स नसतानाच, साबणाने नीट हात धुवायचे, कोरडे करायचे आणि चार मिनिटं बेसिनपाशी उभं राहून चष्मा पुसायचा आणि डबीत ठेवायचा. झालं की कॅलेंडरवर टिक. कुणी आठवण करायची नाही, आईने तर नाहीच. महिना संपला की टिका मोजायच्या. २८-२९-३० असतील तर मंथलीचा विचार करायला हरकत नाही. त्याच्याखाली असेल तर डेली, वाद नको. हा काही शास्त्रीय प्रयोग नाही, माझा घरगुती आहे, पण मी १४ ची असताना कुणी माझ्याकडून करून घेतला असता तर माझ्या १२ पण टिका झाल्या नसत्या.

पाण्याबद्दल जरा जास्त बोलते

कारण हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, "पाणी लावू नको" एवढंच सांगितलं, का ते नाही. नळाच्या पाण्यात, तळ्यात, स्विमिंग पूलमध्ये अकॅन्थअमीबा नावाचा एक सूक्ष्म जीव असू शकतो. एरवी तो आपल्याला काही करत नाही, पण लेन्सला चिकटून डोळ्यात गेला तर कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात घुसतो, फार दुखतं, उपचार महिनोन् महिने चालतात आणि नजर कायमची जाऊ शकते. हा आजार होतो फार थोड्यांना, पण ज्यांना होतो त्यात बहुसंख्य लेन्स घालणारेच असतात. शिवाय नळाच्या पाण्याने मऊ लेन्स फुगते, आकार बदलतो, डोळ्याला चिकटून बसते. म्हणून केस पाण्याने धुवायची नाही, लेन्स खाली पडली तर नळाखाली धरायची नाही, आणि थुंकी लावून तर बिलकूल नाही, हसू नका, मी हे करताना लोक बघितलेत.

इथे डेलीचा खरा फायदा आहे. केसच नाही, सोल्युशनची उघडी बाटली नाही, म्हणजे जंतू वाढायची मुख्य जागाच घरातून गेली. पण म्हणून डेली घालून आंघोळ केली किंवा पोहायला गेलात तर चालतं असं समजू नका. पाणी डेलीला ओळखत नाही. पोहायचंच असेल तर नंबरचा गॉगल मिळतो तो घ्या.

आणि डेली साठवून परत घालणं, हा सगळ्यात मोठा चोरटा प्रकार. "आज दोनच तास घातली होती, कशाला टाकू" असं म्हणून ती सोल्युशनमध्ये ठेवायची आणि उद्या परत. डेली पातळ बनवलेली असते, चोळणं-धुणं-भिजवणं हे सोसायला ती बनवलेलीच नाही, कडेला बारीक चीर गेली तर दिसतही नाही आणि दिवसभर डोळा ओरबाडत राहते. डेली घेऊन जर तुम्ही तेच करणार असाल तर मग सरळ मंथली घ्या, निदान ती त्या कामासाठी असते.

किती दिवस घालणार, यावर हिशोब

पैशांचं मी मुद्दाम नंतर घेतलं पण ते महत्त्वाचं आहेच, कारण पैसे आईबाबा देणार आहेत. रोज घालणार असाल तर डेलीच्या वर्षाला ३६५ जोड्या, म्हणजे ७३० लेन्स. मंथलीच्या १२ जोड्या, २४ लेन्स, अधिक वर्षभराचं सोल्युशन, अधिक ४ केस. रोजच्या वापराला मंथली स्वस्त पडते, सोल्युशन धरूनसुद्धा, यात वाद नाही.

पण तुम्ही खरंच रोज घालणार आहात का? पहिल्या उत्साहात सगळे हो म्हणतात. मावशीच्या मुलीला विचारलं तर म्हणे रोज, मग खोदून विचारलं तेव्हा कळलं की शाळेत चष्मा चालतो तिला, लेन्स हव्यात शनिवार-रविवारच्या बास्केटबॉलला आणि कधीतरी कार्यक्रमाला. आठवड्याला २ दिवस म्हणजे वर्षाला १०४ दिवस, २०८ लेन्स. ३० च्या बॉक्सने बघितलं तर दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर ७ बॉक्स, वेगवेगळा असेल तर प्रत्येक डोळ्याचे ४ असे ८. आणि मंथलीच्या मात्र तेवढ्याच वापराला १२ जोड्या लागणारच, कारण ते घड्याळ थांबत नाही. वर आठवडाभर केसमध्ये पडलेली लेन्स शनिवारी उचलून सरळ डोळ्यात घालायची नसते, सोल्युशन किती दिवस पुरतं ते बाटलीवर बघून ताज्या सोल्युशनमध्ये परत भिजवायला लागते, आणि शुक्रवारी रात्री हे कुणाच्या लक्षात राहतं?

तर हिशोब असा करा: मंथलीचा एका महिन्याचा सगळा खर्च काढा, म्हणजे एक जोडी, महिन्याला संपणारं सोल्युशन आणि केसचा थोडासा भाग. त्याला डेलीच्या एका जोडीच्या किमतीने भागा. जो आकडा येईल तितके दिवस. महिन्यात त्याहून कमी दिवस घालणार असाल तर डेली स्वस्त, जास्त घालणार असाल तर मंथली. हा आकडा कागदावर लिहून आईबाबांसमोर ठेवलात तर अर्धी लढाई तिथेच जिंकाल, मी सांगते, "सगळ्या मैत्रिणी घालतात" या वाक्यापेक्षा खूप चालतो.

हिशोबात हरवण्याचाही खर्च धरा. डेली बेसिनमध्ये वाहून गेली तर एक लेन्स गेली. मंथली तिसऱ्या दिवशी फाटली तर २७ दिवस गेले. शिकताना फाटतात, मी पहिल्या दोन महिन्यांत तीन फाडल्या, त्यातली एक नखाने. (बेसिनच्या भोकावर आधी झाकण किंवा रुमाल टाकत जा.)

आणि वर्षाचा साठा एकदम घेऊ नका, सवलत कितीही असो. या वयात उंचीसारखाच नंबरही पळतो, सहा महिन्यांत बदलू शकतो, मग न फोडलेले बॉक्स तसेच पडून राहतात. तीन महिन्यांचं घ्या, फार तर सहा.

नंबरच कधीकधी ठरवून टाकतो

चष्म्याचा कागद घेऊन लेन्स घ्यायची नसते, लेन्सचा कागद वेगळा. त्यात नंबरबरोबर बेस कर्व्ह म्हणजे लेन्सचा बाक, डायमीटर म्हणजे व्यास आणि लेन्सचं नेमकं नाव असतं. नंबरसुद्धा वेगळा निघू शकतो, कारण चष्मा डोळ्यापासून जरा लांब असतो आणि लेन्स डोळ्यावरच बसते, ४ च्या पुढच्या नंबरांना हा फरक दिसायला लागतो, चष्मा उणे ५ चा असेल तर लेन्स साधारण उणे पावणेपाचची लागते. त्यामुळे मैत्रिणीचा आणि माझा नंबर सेम आहे म्हणून तिची लेन्स घालून बघते, हा प्रकार नको, बाक वेगळा असला तर ती घट्ट बसेल किंवा डोळ्यावर घसरत राहील, आणि तिचे जंतू फुकट मिळतील ते वेगळेच. नंबर नसलेल्या रंगीत लेन्सलाही हेच लागू, त्यासुद्धा मोजमाप करूनच घ्यायच्या.

तुम्हाला सिलिंडर नंबर असेल, म्हणजे डोळ्याचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसेल, तर टॉरिक लेन्स लागते, ती डोळ्यात फिरू नये म्हणून वेगळी बनवलेली असते. टॉरिक डेलीमध्येही मिळतात, पण सगळे नंबर आणि सगळे अंश (सिलिंडरची दिशा) मिळतीलच असं नाही, मंथलीमध्ये पर्याय जास्त असतात. मी आत्ता मंथलीवर आहे ते याचमुळे, माझा सिलिंडर नंबर वाढला आणि मला बसेल अशी डेली मिळेना. खूप मोठा नंबर असेल तरी तसंच होऊ शकतं. असं असेल तर वरचा रिहर्सलचा भाग परत वाचा, कारण तुम्हाला निवड नाही, सवयच लावून घ्यायला लागणार.

उलट बाजूने, डोळ्यांना ॲलर्जी असेल, धुळीने किंवा ऋतू बदलला की खाज सुटत असेल, तर डेलीकडे झुका. रोज नवीन लेन्स म्हणजे कालचा कचरा आज डोळ्यात नाही. मंथलीवर साचलेल्या थरामुळे काहींना वरच्या पापणीच्या आत बारीक पुटकुळ्या येतात, खाज येते, चिकट स्राव येतो, लेन्स वर वर सरकते, आणि मग सरळ लेन्स बंदच करायला लागतात काही दिवस. सर्दीखाजेच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यातल्या काहींनी डोळे कोरडे पडतात.

मटेरियलबद्दल दुकानात खूप ऐकवतात. थोडक्यात, कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन मुख्यतः हवेतून घेतो, त्यामुळे लेन्समधून ऑक्सिजन जाणं गरजेचं. सिलिकॉन हायड्रोजेल हे साध्या हायड्रोजेलपेक्षा खूप जास्त ऑक्सिजन जाऊ देतं, आणि ते आता डेली आणि मंथली दोन्हीत मिळतं. दिवसाचे ८-१० तास घालणार असाल तर ते आहे का एवढं विचारा, बाकी जाहिरातीतले शब्द सोडून द्या. हातात धरायला मात्र फरक जाणवतो, डेली पातळ असल्याने बोटावर लोळते, काही मंथली जरा कडक असतात आणि शिकायला सोप्या जातात.

एक गंमत, निर्णयाशी संबंध नाही पण मला फार आवडते: मऊ लेन्स बनवायचं पहिलं यंत्र ओटो विक्टरले या चेक रसायनशास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर मुलांच्या खेळण्यातल्या जोडणीच्या पट्ट्या आणि सायकलचा डायनामो वापरून बनवलं होतं. रोज टाकायच्या लेन्स बाजारात आल्या त्या १९९० च्या दशकाच्या मध्यात.

अजून एक, जवळचं नीट दिसतं पण लांबचा नंबर भराभर वाढतोय असं असेल तर डॉक्टरांना मायोपिया कंट्रोलच्या लेन्सबद्दल विचारा. अशी एक डेली लेन्स अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्य केली, ८ ते १२ वयात सुरू करायला, नंबर वाढायचा वेग कमी करण्यासाठी. त्यात डेली की मंथली हा प्रश्नच वेगळा होतो, तिथे डॉक्टर सांगतील ते.

तपासणीला जाल तेव्हा

घरी "अजून लहान आहेस" म्हणत असतील तर हे सांगा: २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ८ ते १२ आणि १३ ते १७ अशा दोन गटांना लेन्स दिल्या होत्या, छोट्यांना शिकवण्यासकट सगळ्याला फक्त १५ मिनिटं जास्त लागली. वयाची अशी ठरलेली रेघ नाही, डॉक्टर बघतात की मूल स्वतः घालू-काढू शकतं का आणि स्वतःहून काळजी घेतं का. आईला घालायला लावणार असाल तर अजून थांबा.

नखं कापून जा. दोन्ही प्रकारच्या ट्रायल लेन्स मागा, नुसत्या खुर्चीत बसून नाही, घरी नेऊन काही दिवस घालून बघता येतात का ते विचारा. घालणं आणि काढणं दोन्ही तिथेच स्वतःच्या हाताने जमल्याशिवाय घरी येऊ नका, काढणं जास्त अवघड असतं आणि ते रात्री एकट्याने करायचं असतं. काढताना वर बघायचं, लेन्स बोटाने खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि बोटांच्या मांसल टोकांनी हलकेच चिमटीत धरायची. कायम उजव्या डोळ्यापासून सुरू करा, मग अदलाबदल होत नाही. लेन्स उलटी आहे का ते बोटावर ठेवून बाजूने बघायचं, वाटीसारखी सरळ उभी कड असेल तर बरोबर, बशीसारखी कड बाहेर झुकली असेल तर उलटी. आणि लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन मेंदूत अडकते वगैरे काही होत नाही, पापणीच्या आतली त्वचा वळून डोळ्याला जोडलेली असते, मागे जायला वाटच नाही, फार तर वरच्या पापणीखाली सरकते.

पहिल्या दिवशी ३-४ तास, मग रोज थोडे वाढवत. मेकअप करत असाल तर आधी लेन्स मग मेकअप, आणि रात्री आधी लेन्स काढून मग मेकअप पुसायचा.

सहलीला जाणार असाल तर, मंथलीवाल्यांनी सोल्युशन छोट्या बाटलीत ओतून न्यायचं नाही, त्याचं निर्जंतुकपण जातं, छोटी बंद बाटलीच विकत घ्यायची. मंथलीवाल्यांनीही सहलीपुरत्या डेली घेतल्या तर काही बिघडत नाही, फक्त त्याचाही कागद डॉक्टरांकडून घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन वापरत असाल, ज्याच्या बाटलीचं टोक लाल असतं आणि केस वेगळी मिळते, तर ते त्या केसमध्ये पूर्ण ६ तास राहिल्याशिवाय लेन्स डोळ्यात घालायची नाही, माझ्या खोलीतल्या एकीने ते साधं समजून सरळ डोळ्यात टाकलं होतं आणि तिच्या किंकाळीने अख्खा मजला जागा झाला.

चष्मा फेकून देऊ नका, चालू नंबरचा एक हवाच. कारण डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं, यातलं काहीही झालं की पहिलं काम लेन्स काढणं, आणि त्या दिवशी परत न घालणं. काढल्यावरही बरं वाटत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर नाही, आणि ती काढलेली लेन्स आणि केस टाकू नका, सोबत न्या, कधीकधी त्यातूनच जंतू कुठला ते कळतं. माझा डोळा लाल झाला तेव्हा मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही, लेन्स बंद करतील म्हणून. तसं करू नका. ओरडा खाल्ला तो शेवटी दोन दिवसांनीच खाल्ला, आणि महिनाभर थेंब घालत बसले ते वेगळं.

डेलीचा एक दोष मला खटकतो तो म्हणजे कचरा, वर्षाला ७३० लेन्स आणि तेवढीच प्लास्टिकची पाकिटं. निदान बेसिनमध्ये किंवा संडासात टाकू नका, ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने २०१८ मध्ये सांगितलं होतं की अमेरिकेतले १५ ते २० टक्के लेन्सवाले असंच करतात आणि त्याचे बारीक तुकडे सांडपाण्यातून पुढे जातात. सुक्या कचऱ्यात टाका. पण कचऱ्यासाठी म्हणून कुणी मंथली घेऊन त्या दोन महिने ओढणार असेल तर ते मला पटत नाही.

मावशीच्या मुलीच्या टिका झाल्या १९. तिने स्वतःच कॅलेंडरचा फोटो पाठवला, खाली लिहिलं "डेली 😐". मागच्या शनिवारी पहिल्यांदा स्वतः घातल्या, उजवी २० मिनिटं, डावी ४. मॅच सुरू व्हायला तिच्यामुळे उशीर झाला म्हणे, आता ती मॅचच्या दिवशी तासभर आधी उठते आणि बॅगेत एक जास्तीची जोडी आणि चष्मा ठेवते.